निपाणीच्या वखारीतली हेराल्ड घेतलीय, सल्ला पाहिजे (शिव्या पण चालतील)

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या महिन्यात निपाणीला मित्राकडं साखरपुड्याला गेलो होतो. जेवण करून हात धुवायला मागं गेलो तर त्यांच्या जुन्या तंबाखूच्या वखारीचं दार अर्धं उघडं आणि आत बारदानाच्या ढिगाखाली दोन गोल दिवे दिसले. बारदान उचललं तर स्टँडर्ड हेराल्ड! दोन दारांची! आरसीवर साल १९६६. मित्राच्या आजोबांची गाडी, ते गेल्यापासून म्हणजे १९९८ पासून जागची हललेली नाही. चारी टायर बसलेले, मूळ रंग हिरवा की निळा यावर घरातच दोन पार्ट्या, आणि आत बसलं की तंबाखूचा असा वास की न खाताच गरगरलं.

तीन लाख म्हणाले, मी एक म्हटलो, एक साठला जमलं. टोइंगच्या गाडीवर चढवून आणली, तवंदी घाट चढताना मी मागं बाईकवर आणि नजर सगळा वेळ त्या साखळदंडावर. आता ती आमच्या पोर्चमध्ये आहे आणि बायकोची ॲक्टिव्हा रस्त्यावर, त्यामुळं घरातलं हवामान काय आहे ते समजून घ्या.

हीच का घेतली? लहानपणापासून डोक्यात ट्रायम्फ स्पिटफायर बसलीय, उघडी, दोन सीटची. ती या जन्मात परवडणार नाही. पण हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फचीच, १९५९ची, डिझाईन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्डनं ती इथं बनवली. १९६२ ला स्पिटफायर आली ती ह्याच हेराल्डच्या चासीवरनं आणि डिझाईन परत त्याच माणसाचं. म्हणजे माझी गाडी स्पिटफायरची थोरली बहीण झाली की नाही?

तर प्लॅन असा की हिचं छत उडवायचं, दोन कार्बोरेटर लावायचे आणि पावसाळा संपला की जांबोटीपर्यंत एक फेरी. इंजिन हँडलनं फिरतंय, जाम नाही. कुठनं सुरुवात करू?

उद्यमबागी:
पैसे देऊन झाल्यावर सल्ला विचारूलास, अस्सल बेळगावचाच हाईस.

दोन कार्बोरेटर राहू दे बाजूला. एक काम कर, कुणाला तरी क्लच दाबायला बसीव आणि तू बॉनेट उघडून पुढच्या पुलीकडं बघत ऱ्हा. क्लच दाबला की पुली पुढं सरकली आणि सोडला की मागं गेली तर मला फोन कर. डोळ्याला दिसण्याइतकं हललं तर चालू करायचं नाव काढू नको.

पुणेरी_पाहुणा:
अभिनंदन, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हेराल्ड ही स्पोर्ट्स कार नव्हे. शाळामास्तर आणि डॉक्टर लोकांची घरगुती गाडी होती ती. बहीण वगैरे ठीक आहे, बहिणीला गाता येतं म्हणून आपल्याला येतंच असं नाही.

चंदगडी:
पाहुण्यांचं निम्मं बरोबर. स्पिटफायरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८३ इंच, हेराल्डचा साडेएक्याण्णव, म्हणजे चासी आखूड केली, वजन उतरवलं. खरं सुरुवातीच्या स्पिटफायरमधलं इंजिन इंग्लंडच्या हेराल्ड १२००चंच, ११४७ सीसीचं (आपल्याकडच्या हेराल्डला ९४८ सीसीचं), पुढचं सस्पेन्शन तेच, मागचं आडवं पाट्याचं स्प्रिंग आणि स्विंग ॲक्सल पण तेच. आणि दोष पण तोच. वळणावर जोरात जाऊन मधेच ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं पोटाखाली दुमडल्यासारखी होतात आणि गाडी मागनं निसटते. चोर्ला घाटात हिरोगिरी करायला जाऊ नको एवढं लक्षात ठेव. बॉनेट सगळा पुढं उलटतो तो मात्र असला भारी प्रकार आहे की मेकॅनिक चाकावर बसून काम करतो.

पणजीचा:
उघडी गाडीच पाहिजे होती तर आमच्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म का नाही बघितली? दोन सीट, फायबरची बॉडी म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही, इंजिन रेनोचं ११४९ सीसी. कोकणात पत्र्याची गाडी पाळणं म्हणजे मीठ लावून मासा ठेवण्यासारखंच, दोन पावसाळ्यांत कळतं.

टिळकवाडीकर:
@पणजीचा स्टॉर्म एकदा चालवलीय, मजा आली. पण तिच्यात आजोबा नाहीत हो.

माई_शहापूर:
फोटो बघितलो आणि डोळ्यात पाणीच आलं. आमच्या मामांकडं होती हीच गाडी, राखाडी रंगाची. शहापुरातली आमची गल्ली केवढी, टांगा वळवायचा तर घोडा सोडायला लागायचा, खरं मामा गल्लीच्या तोंडाला येऊन एका दमात गाडी वळवायचे. रिव्हर्स नाही काही नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी तेच दाखवायचे. मी मागच्या सीटवर बसून किती वेळा फिरलो असेन त्याला गणती नाही.

पुणेरी_पाहुणा:
छान आठवण. दादा, मामांकडची ती गाडी पुढं कुठं गेली?

माई_शहापूर:
दादा नाही हो, माई हाय मी. आमच्यात बायका पण आलो-गेलोच म्हणतात. गाडी विकली की, धारवाडच्या एका वकिलाला.

चंदगडी:
माई, ते मामांचं कसब थोडं आणि गाडीचं जास्त. हेराल्ड २५ फुटांत वळते, आजची छोटी हॅचबॅक पण एवढ्यात वळत नाही. पुढची चाकं केवढी तिरकी होतात बघा एकदा.

टिळकवाडीकर:
@उद्यमबागी पुली हलूलीय. बायकोनं क्लच दाबला (म्हणजे आता बोलायला लागलीय) आणि पुली सरळ सरळ पुढं आली. पोटात गोळाच आला.

उद्यमबागी:
वाटलंच. इंजिन उतरीव आणि घेऊन ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्या इंजिनात क्रँक तीन बेअरिंगवर बसलेला, आणि त्याला मागं-पुढं सरकू न देणारे अर्ध्या चंद्रासारखे दोन वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी. क्लच दाबला की सगळा जोर त्या वॉशरवर येतो. झिजत झिजत एक दिवस वॉशर निसटून खाली ऑइलमध्ये पडतो आणि मग लोखंडावर लोखंड, क्रँक ब्लॉकलाच खायला लागतो. मग ब्लॉक भंगारात. चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एवढाच खेळ पाहिजे.

बेळगावात क्रँकवर काम करणारी माणसं शोधायला लागत नाहीत. अर्धं उद्यमबाग, म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, आयुष्यभर क्रँकशाफ्टच घासत आलंय. लेथवर बसलेला म्हातारा नुसता अंगठा फिरवून जर्नल (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा गोल भाग) ओव्हल झालंय का सांगतो, मायक्रोमीटर नंतर लावतो, आपलंच बरोबर होतं हे बघायला.

टिळकवाडीकर:
अपडेट. मधे दीड महिना गेला.

इंजिन उद्यमबागीदादांच्या शेडमध्ये उघडलं. डायल लावला तर बावीस थाऊ. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढल्यावर खालच्या गाळात एक वॉशर पडलेला, तो बघून शेडमधली तीन माणसं एकदम गप्प. नशीब एवढंच की आजोबांनी त्यानंतर गाडी फारशी पळवली नसावी, ब्लॉकला नुसता ओरखडा आहे. क्रँक दहा थाऊ घासून घेतला.

मी म्हटलो वॉशर इथंच बनवू, गनमेटलचे. तर दादांनी मला बाहेर चहाच्या गाड्यावर नेऊन समजावलं, ते शब्द तसेच देतो: "हे बघ, जे आपल्याला होतंय ते करायचं आणि जे दोन पैशाला मिळतंय ते मागवायचं. वॉशर मुठीत मावतो, कुरियरनं येईल. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, दाराच्या बिजागऱ्यांचे बुश, मॅनिफोल्डचे स्टड, ते मी करतो. आणि ट्रनियन तर अजिबात इथं करायचा नाही." तर इंग्लंडवरनं वॉशर, बेअरिंगचे शेल, गॅस्केट सेट आणि दोन ट्रनियन मागवलेत. कस्टम्सनं किती घेतलं ते बायको हा धागा वाचत असल्यामुळं लिहीत नाही.

वखारीतल्या तंबाखूमुळं उंदीर गाडीकडं फिरकले नसणार असं मित्राचे काका छातीठोक सांगत होते. डॅशबोर्ड काढला. वायरिंगचा भुगा, आणि त्याच भुग्याचं घरटं, आतनं बारदानाची गादी. व्यसनी उंदीर असणार.

पुणेरी_पाहुणा:
ट्रनियन म्हणजे काय आणि तो का नाही बनवायचा, हे कोणी सांगेल का? उद्यमबाग सगळं करतं म्हणताय ना.

उद्यमबागी:
करतंय खरं मरायचं नाही.

पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी खांबावर असतंय त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते आटे पितळेसारख्या धातूच्या एका तुकड्यात बसतात. तो ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की खांब त्या आट्यात फिरतो. एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. ह्याला ग्रीस नाही, इपी ९० ऑइल लागतंय, गिअरबॉक्समधलं. आपले सगळे मिस्त्री सवयीनं ग्रीसगन लावतात, ग्रीस आट्यात खालपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतंय, गंजून जाम होतंय आणि एक दिवस वळणावर खांबच मोडतो. चाक पोटात आणि गाडी बांधावर. तुकडा आपल्याला ओतता येईल, आटे पण पाडता येतील, खरं कुठल्या मिश्रणाचा आणि किती ताण घेतो ते टेस्ट केल्याशिवाय मी माणूस बसवणाऱ्या गाडीला लावणार नाही. ट्रॉलीला असता तर दिला असता करून.

कागदवाला_चिकोडी:
सगळे नटबोल्टात अडकलेत म्हणून विचारतो. आरसी कुणाच्या नावावर?

टिळकवाडीकर:
आजोबांच्या. महाराष्ट्राचा जुना तीन अक्षरी नंबर आहे, एकदम देखणा.

कागदवाला_चिकोडी:
म्हणजे नोंद महाराष्ट्रात, गाडी कर्नाटकात, मालक वर. आमच्यासारखीच सीमाप्रश्नात अडकलेली गाडी घेतलास बघ.

क्रम लिहून घे. आधी आजोबांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, आणि त्यातल्या एकाच्या नावावर फॉर्म ३१ भरून गाडी चढवायची. एक वारस जरी अडला तरी थांबलं सगळं, एक साठ दिलेल्या पावतीला तिथं किंमत नाही. मग तुझ्या नावावर २९ आणि ३०. राज्य बदलायचं म्हणून जुन्या ऑफिसकडनं फॉर्म २८ वर एनओसी. मग इथं कर्नाटकचा टॅक्स आणि केए २२ नंबर. एवढ्या जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याच वेळा कॉम्प्युटरवर नसतेच, हातानं लिहिलेल्या रजिस्टरात असते, ती आधी ऑनलाइन चढवून घ्यायला लागते. खरेदीच्या आधी हे बघायचं असतंय रे बाबा.

दुसरी वाट व्हिंटेजची. २०२१ साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ती घातली. गाडी पन्नास वर्षांवरची पाहिजे, तुझी बसते. वीस हजार फी, दहा वर्षं चालते, पुढं पाच हजार. नवीन नंबर मिळाला तर त्यात व्हीए अक्षरं येतात, आधीची नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुझं राज्य पण बदलतंय म्हणून हे ऑफिसात लेखी विचारून घे.

खरं दोन गोष्टी. चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच पाहिजे, मोठे फेरफार चालत नाहीत, म्हणजे तुझे दोन कार्बोरेटर आणि कापलेलं छत विसर. आणि ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर. जांबोटीला मिसळ खायला जाणं यात कुठं बसतंय ते तूच सांग.

टिळकवाडीकर:
हे वाचून रात्री झोप नाही. म्हणजे नंबर ठेवायचा तर गाडी फिरवायची नाही आणि फिरवायची तर नंबर गेला.

चंदगडी:
नंबर फ्रेम करून भिंतीला लाव आणि गाडी फिरीव. आजोबा काय गाडी बघत बसले होते काय घरात?

आणि छत कापणार म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ह्या गाडीचं छत कापायचं नसतंयच! हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांची, सगळं बोल्टवर. पुढचा बल्कहेड वेगळा, मागचा टब वेगळा, आणि छत वरनं बोल्ट करून बसवलेलं. इंग्लंडमध्ये हीच गाडी उघडी पण मिळायची, ती ह्याच टबावर. बोल्ट काढ, चार माणसं लावून उचल, फिरून ये, परत बसीव. ग्राइंडर हातात घेतलास तर मी चंदगडहून येऊन तुझा हात धरीन.

पुणेरी_पाहुणा:
हे मात्र माहीत नव्हतं. मागे घेतो, अर्धी स्पोर्ट्स कार आहे.

माई_शहापूर:
मामांनी एवढ्या वर्षांत कधी काढलं नाही हो छत. माहीतच नसणार त्यांना.

टिळकवाडीकर:
अपडेट दोन. बॉडी वर उचलली.

वरनं पत्रा बरा वाटत होता, खाली मात्र चासीच्या बाजूचे जे हात असतात ज्यांच्यावर बॉडी टेकते ते बोटानं दाबलं की पापडासारखे मोडत होते. टिंकरनं सहा ठिकाणी कापून नवीन पत्रा घातला. डिकीचा तळ तर चाळणी. मागच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं त्यावर बोटभर लांबी लावून रंग मारलेला, ती लांबी काढल्यावर खाली वर्तमानपत्राचा तुकडा निघाला! १९८७ चा, ऊसदराची बातमी.

हेडचं काम करताना दादा म्हणाले जुन्या व्हॉल्व्ह सीट बिनशिशाच्या पेट्रोलला झिजतात, म्हणून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेतल्या. पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप टाकून दिले, आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलनं ते आतनं फुगून चिकट होतात, व्हायटनचे लावले. टायर मूळचे ५.२०-१३ मिळणं अवघड म्हणून १५५/८० आर १३.

माझं मत आता असं झालंय की बेळगावात लोखंडाचं काहीही होतंय. सहा महिन्यांत लोखंडाचं एकही काम असं आलं नाही की कुणीतरी "बघूया की" म्हटलं नाही. अडतंय ते काच, रबर आणि कागद. पुढच्या काचेचं रबर तीन ठिकाणाहून मागवलं, तिन्ही वेळा चुकीचं आलं, शेवटी वडगावातल्या एका माणसानं ट्रॅक्टरच्या केबिनचं रबर कातरून बसवलं आणि थेंब आत येत नाही. कागदाला असा वडगावचा माणूस सापडला नाही. वारसांतल्या एक, मित्राच्या पुण्याच्या आत्या, सही द्यायला तयार, खरं त्यांना आधी गाडी बघायची आहे, "बाबांच्या गाडीचं तू काय केलंस ते बघू दे, मग सही". बरोबर पण आहे त्यांचं.

कागदवाला_चिकोडी:
आत्यांना कुंदा घेऊन जा. आणि इन्शुरन्स, नाव झाल्याशिवाय चाक रस्त्याला लावायचं नाही. परत सांगतो.

गुजरी_शोधक:
उशिरा आलो धाग्यावर. बेळगावच्या गुजरीत मी दोन हेराल्डचे दिवे आणि एक स्टिअरिंग बघितलंय मागच्या महिन्यात, किलोवर देत होता.

पुणेरी_पाहुणा:
गुजरी म्हणजे कोल्हापुरात सोन्याचा बाजार ना?

गुजरी_शोधक:
कोल्हापुरात सोनं, आमच्याकडं कानडीतनं आलेली गुजरी म्हणजे भंगार. ह्या धाग्यावरच्या लोकांना दोन्ही एकच.

टिळकवाडीकर:
अपडेट तीन, काल रात्रीचा.

इंजिन चालू झालं. तेवीस वेळा सेल्फ मारल्यावर. मी फायरिंग ऑर्डर पाठ करून ठेवली होती, १-३-४-२, तरी वायरी उलट्या लावल्या आणि कार्बोरेटरमधनं असा फटाका आला की शेजारचा मोल्डर फावडं टाकून पळाला. मग दादांनी मला बाजूला सारून दोन मिनिटांत लावलं. कार्बोरेटर एकच, मूळचाच. खेळ सहा थाऊ, क्लच दाबला की पुली ढिम्म हलत नाही, तो व्हिडिओ मी आत्तापर्यंत चाळीस वेळा बघितला असेल.

कागद झाले नाहीत म्हणून रस्त्यावर नाही काढली (कागदवाला_चिकोडी, वाचताय ना). दादांच्या ओळखीच्या एका फौंड्रीचं मागचं आवार आहे, तिथं वाळूच्या ढिगांमधनं फिरवली. आणि जायच्या आधी बोल्ट काढले. गंजलेले दोन तापवून काढायला लागले, बाकीचे निमूट आले. चार जणांनी छत उचलून शेडच्या भिंतीला टेकवलं. आत्या पुण्याहून आलेल्या, त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, पदर खोचून घट्ट बसल्या. दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. दोन ढिगांच्या मधे जाऊन अडकलो असं वाटलं, स्टिअरिंग पूर्ण मुरगाळलं आणि गाडी जागच्या जागी वळून बाहेर. आत्या म्हणाल्या, "बाबा असंच वळवायचे." आणि मग कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. सही झाली.

माई_शहापूर:
हे मी मोठ्यानं वाचून दाखवलो घरात. मला पण एक फेरी हं, कागद झाल्यावर.

पुणेरी_पाहुणा:
फोटो टाका. आणि ठीक आहे, पूर्ण स्पोर्ट्स कार. आत्यांसाठी.

उद्यमबागी:
फोटो राहू दे. छत न्यायला कधी येणार ते सांग. सकाळी गुजरीवाला येऊन गेला, भिंतीला टेकवलेलं बघून किलोला किती म्हणून विचारूला होता. पोरगं द्यायलाच निघालं होतं.